विचारून काढलेले केस

पहिल्या केमोच्या दिवशी मी नेहमीसारखी घट्ट वेणी घालून गेले होते. तेव्हा मी एकोणपन्नास वर्षांची होते. राहायला डोंबिवली पूर्वेला, नोकरी ठाण्याच्या कोर्टात, नक्कल विभागात. डाव्या स्तनातली गाठ काढून महिना झाला होता. जखम भरत आली होती आणि आता दर एकवीस दिवसांनी, आठ वेळा, शिरेतून औषध घ्यायचं होतं. मळमळ होईल, तोंड येईल, थकवा येईल, केस जातील, असं डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं होतं. मी मान डोलावली आणि रजेच्या अर्जाला कुठला दाखला जोडायचा ते विचारलं. केसांबद्दलचं वाक्य मी ऐकलं होतं, पण ते माझ्याबद्दल आहे असं काही वाटलं नव्हतं.

ठाण्यातल्या त्या दवाखान्यात केमोची एक लांबट खोली होती. दोन्ही बाजूंना मागे कलणाऱ्या खुर्च्या, प्रत्येकीशेजारी सलाईनचा स्टँड. नवरा खाली औषधं आणायला गेला होता. माझ्या शेजारच्या खुर्चीत साठीच्या आतबाहेरची एक बाई बसली होती. सावळी, मनगटं जाड, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल मागे गाठ मारून बांधलेला. ती बराच वेळ माझ्या वेणीकडे बघत होती.

"कितवी गो तुजी?" तिने विचारलं.

"पहिलीच."

"माजी तिसरी. लाल दवा हाय ना? मंग केस जातील तुजं."

"सगळ्यांचेच जातात असं नाही," मी म्हटलं.

"लाल दवा असल तर जातात. अठराव्या, एकोनिसाव्या दिवशी. रोज थोरं थोरं गलतान, ते बघवत नाय बाय. आधीच काढून टाक. मी वाट बघत बसले नि फुकट रडले."

मला तिचा भयंकर राग आला. ओळख ना देख, आणि ही बाई माझ्या केसांची तारीख सांगते! मी मान खिडकीकडे वळवली. तिला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. ती आपली बोलतच राहिली. ती कोलशेतची, खाडीकाठची कोळीण. ठाण्याच्या बाजारात तीस वर्षं मासळी विकत होती. नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती, घरी मुलगा आणि सून. निघताना तिने मला सांगितलं, "घरी गेल्यावर लघवी लाल होल. रगत नाय ते, दवाचा रंग हाय. घाबरू नको."

संध्याकाळी घरी तसंच झालं. नवरा डॉक्टरांना फोन लावायला निघाला होता, मी त्याला थांबवलं. तिने सांगितलेलं हे खरं ठरलं, म्हणजे दुसरंही खरं ठरणार, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं आणि मी ते बाजूला सारलं.

अठराव्या दिवशी सकाळी ऑफिसला निघताना केस विंचरायला घेतले आणि फणीबरोबर एक जाड बट हातात आली. ओढल्यासारखं काही झालं नाही, दुखलं नाही. गवताची सैल काडी उपटावी तशी ती निघून आली. मी ती बट ओट्यावरच्या वर्तमानपत्रात गुंडाळली आणि वेणी घातली. दोन दिवसांत उशी, टॉवेल, पोळीच्या पिठाचा डबा, सगळीकडे केस. डोक्याची कातडी ठणकत होती. बाथरूममध्ये पाणी तुंबायला लागलं. मी बाहेर आले की नवरा आत जायचा, मोरीच्या जाळीतले केस काढायचा, कागदात बांधून कचऱ्यात टाकायचा आणि हात धुऊन चहा प्यायला यायचा. त्याबद्दल तो एक शब्द बोलला नाही, मीही नाही. मुलगी एकदा म्हणाली, "आई, पार्लरवालीला घरी बोलावू का? बारीक करून टाकू या." मी तिच्यावर ओरडले.

त्या रविवारी आई आली. वडिलांची नोकरी मोहन्याच्या कारखान्यात झाली, त्यामुळे आई अजूनही मोहन्यालाच, माझ्या भावाकडे राहते. तिने माझं डोकं पाहिलं. एव्हाना टाळू दिसायला लागली होती. मुलीने तिच्यासमोर पुन्हा केस काढण्याचा विषय काढला. आईने हातातला कप खाली ठेवला.

"नाही," ती म्हणाली. "हिचा नवरा समोर बसलाय. सवाष्णीने डोक्याला वस्तरा लावायचा नाही."

"आजी, हे औषधामुळे आहे गं."

"ते मला कळतं. पण मी जे पाहिलंय ते तुम्ही कुणी पाहिलेलं नाही."

तिने पाहिलं होतं ते मला लहानपणापासून ठाऊक होतं. तिच्या वडिलांची आत्या एकोणिसाव्या वर्षी विधवा झाली होती. आई सहा-सात वर्षांची होती तेव्हा ती म्हातारी झालेली, पण न्हावी अजूनही दर पंधरा दिवसांनी मागच्या दाराशी यायचा. म्हातारी पाटावर बसायची. मुलांना आत हाकलायचे, पण आई फटीतून बघायची. त्या आत्येने नंतर वर मान करून कधी पाहिलं नाही, असं आई सांगायची. आता आईचे डोळे भरून आले होते. मी म्हटलं, "नाही काढणार गं. विग घेते."

विग चांगला होता. माझ्या केसांच्याच रंगाचा, खांद्यापर्यंत. पण तो घालायचा म्हणजे आतून जाळी, कानामागे क्लिपा, आणि मे महिन्यातलं ठाणं. दुपारपर्यंत घाम डोळ्यांत उतरायचा. खाली माझे उरलेसुरले केस ओले होऊन एकमेकांत गुंतायचे आणि रात्री ते सोडवताना आणखी तुटायचे. ऑफिसात मी गर्भाशयाचं ऑपरेशन झालं असं सांगितलं होतं. माझ्या टेबलाशेजारच्या दोघीजणी म्हणाल्या, "छान दिसतोय हेअरकट." पुढे त्यांनी काही विचारलं नाही. त्यांना कळलं होतं की नाही, याचा विचार मी दिवसभर करायचे आणि नकला करताना ओळी गाळायचे.

एका बुधवारी जेवणाच्या सुट्टीत त्या दोघींबरोबर मी बाजारात गेले. भाजी घेऊन झाली. एकीला कोळंबी हवी होती, म्हणून मासळीच्या रांगेत शिरलो. आणि तिथे केमोतली ती कोळीण होती. एका स्टुलावर, मासळीच्या पाटीपासून जरा लांब. डॉक्टरांनी तिला मासळीत हात घालायला बंदी केली होती. सून कापत होती आणि ही नुसती भाव सांगत होती. मला पाहिल्याबरोबर तिचा चेहरा फुलला.

"अगो बाय! तू हिकडं कशी?" तिचा आवाज बाजारातला, तीस वर्षं कमावलेला. "केस लावलंस काय? झ्याक दिसतान गो! दुसरी दवा झाली ना तुजी?"

आजूबाजूच्या चार बायका वळल्या. माझ्या दोघी मैत्रिणी माझ्याकडे बघायला लागल्या.

"तुमची काहीतरी चूक होतेय," मी म्हटलं. "मी तुम्हाला ओळखत नाही."

ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आसल. डोल्यांना आथा नीट दिसत नाय." आणि तिने गिऱ्हाइकाकडे तोंड वळवलं. आम्ही कोळंबी दुसरीकडून घेतली.

त्या रात्री मला झोप लागली नाही, असं लिहिलं तर खोटं होईल. मी मेल्यासारखी झोपले. लाज दुसऱ्या दिवशी आली, विग चढवताना, आणि मग रोज येत राहिली.

तिसऱ्या केमोला मी मुद्दाम उशिरा गेले. पण रिकामी खुर्ची नेमकी तिच्याच शेजारची होती. मी बसले. सिस्टरने सुई लावली. तिने आपली पिशवी उचलून पायाशी घेतली, मला हात ठेवायला जागा व्हावी म्हणून. मग तीच म्हणाली,

"माजं चुकलं त्या दिवशी. बाजारात मी ओलख दाखवाया नको होती. सगल्यांना सांगायची गोष्ट नाय ही. मना कलाया पायजे होतं."

चूक माझी होती आणि माफी ती मागत होती. मी काही बोलायला गेले आणि मला रडू फुटलं. सुई लावलेला हात हलवता येईना, विग सरकला, नाक वाहायला लागलं. तिने आपल्या रुमालाच्या टोकाने माझं नाक पुसलं. एखाद्या पोरीचं पुसावं तसं, जोरात.

"त्याच्या खाली काय हाय?" तिने विगकडे बोट दाखवलं.

"थोडे राहिलेत. गुंता झालाय."

"काढत का नाय?"

मी तिला आईचं सांगितलं. त्या आत्येचं सांगितलं. नवऱ्याला किंवा मुलीला मी हे इतकं सविस्तर कधी सांगितलं नव्हतं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"माजा नवरा गेला," ती म्हणाली, "तवा माज्या डोक्याला कोनी हात नाय लावला. बारावं झालं नि तेराव्या दिवशी मी टोपली घेऊन बाजारात बसले. हे आथाचं डोकं हाय ना, ते दवाचं हाय. नवऱ्याचं नाय." मग म्हणाली, "पन आयशीचं पन खोटं नाय. तिनं बघलंय. तू कोलशेतला ये शनिवारी. काढायचं तर काढ, नाय तर च्या पिऊन जा."

शनिवारी मी गेले. नवऱ्याला सांगितलं, पण एकटीच गेले. स्टेशनपासून रिक्षा केली. उंच टॉवर संपले की रस्ता एकदम खाली उतरतो आणि जुनी बसकी घरं लागतात. तिच्या घराला पुढे ओटी होती, बाजूला दांडीवर जाळं वाळत घातलेलं. ओटीवर आणखी एक बाई बसली होती. ठाण्यातल्या जुन्या ख्रिस्ती घरातली, शाळेतून निवृत्त झालेली बाई. तिची केमो संपून तीन महिने झाले होते आणि डोक्यावर बोटभर पांढरे केस आले होते. ती आणि कोळीण केमोच्या त्याच खोलीतल्या खुर्च्यांवर एकमेकींना भेटल्या होत्या. बाईंच्या मांडीवर केस कापायचं मशीन होतं.

"हे माझ्या नवऱ्याचं दाढीचं," त्या म्हणाल्या. "आतापर्यंत चौघींची डोकी केलीत. माझं मी स्वतःच केलं होतं, तेव्हा कान कापून घेतला."

त्यांनी मला घाई केली नाही. आधी चहा झाला. मग त्यांनी एकेक गोष्टी सांगितल्या, ज्या मला कुणीच सांगितल्या नव्हत्या. डोक्यापेक्षा भुवया जातात तेव्हा जास्त धक्का बसतो, कारण आरशात ओळखच पटत नाही. एसीत डोकं इतकं गार पडतं की रात्री टोपी लागते, आणि ती जुन्या धुतलेल्या सुती साडीची शिवावी, नव्या कापडाची टोचते. नाकातले केसही जातात, म्हणून नाक सारखं गळतं. ती सर्दी नव्हे. बाई सुरुवातीला चर्चमध्ये सगळ्यात मागच्या बाकावर बसायच्या आणि प्रार्थना संपायच्या आत निघून जायच्या. "एक दिवस ही माझ्याबरोबर आली," कोळणीकडे बघून त्या म्हणाल्या, "आणि सगळ्यात पुढे जाऊन बसली. मग मला पण बसावं लागलं."

"मना काय म्हाईत कुठं बसतान," कोळीण म्हणाली.

मी विग काढला. आतली जाळी काढली. बाहेरच्या माणसांसमोर पहिल्यांदाच. दोघींनी पाहिलं आणि कुणीही "अरेरे" म्हटलं नाही. कोळणीने गुंत्यात हात घालून पाहिला आणि विचारलं, "काढू काय? तू सांग. तू हा म्हन, मंगच."

"हो," मी म्हटलं. "काढा."

बाईंनी मशीन चालवलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मला वाटलं होतं मी कोसळेन. पण कातडीवर खाडीचा वारा लागला आणि कितीतरी आठवड्यांनी डोकं ठणकायचं थांबलं. कोळणीने ओल्या फडक्याने मान पुसली. मग ती घरात गेली आणि हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आली. सुनेचा असणार. माझ्यासमोर उभी राहून ती अडखळली. तिला अडखळताना मी तेव्हाच पाहिलं.

"तुज्या आयशीच्या जिवाला बरं वाटल म्हनून आनला," ती म्हणाली. "सुनेला हाक मारू काय? का माज्या हातचं चालल तुला?"

वीस वर्षं तिने कुणाला कुंकू लावलं नसेल. मी मान वर केली आणि म्हटलं, "तुमच्याच हातचं लावा."

तिने लावलं. थोडं कुंकू नाकावर सांडलं. निवृत्त बाई दुसरीकडे बघत मशीनमधले केस ब्रशने काढत बसल्या.

घरी नवऱ्याने दार उघडलं. माझ्या डोक्याला कोळणीचा फुलांचा रुमाल होता. मी तो सोडला. तो पाहत राहिला आणि मग म्हणाला, "मला वाटलं होतं मला बघवणार नाही." आणि थोड्या वेळाने, "जाळीतले केस बघवत नव्हते." तेवढंच. पण त्या दिवसापासून आम्ही आजाराबद्दल बोलायला लागलो.

आईला सांगायला मी मोहन्याला गेले. ती खाटेवर बसली होती. मी तिच्यासमोर रुमाल काढला. तिने मला जवळ बसवलं. मग तिने विचारलं, "कुणी काढले?"

"मैत्रिणींनी."

"तुला विचारून काढले?"

"हो. मी हो म्हटल्यावरच."

आईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मागून पुढे, दोनदा. "तिला कुणी विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "एवढंच होतं गं माझं. तिला कुणी विचारलं नव्हतं."

पुढच्या सोमवारी मी रुमाल बांधून ऑफिसला गेले आणि टेबलाशेजारच्या दोघींना काय झालंय ते सांगितलं. त्यांना माहीत होतंच. एकीने सांगितलं की माझ्या नकलांतल्या गाळलेल्या ओळी ती संध्याकाळी थांबून तपासत होती. बुधवारी मी त्यांना घेऊन बाजारात गेले. कोळीण स्टुलावर होती. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि मोठ्याने म्हटलं, "ही माझी मैत्रीण. आम्ही दोघी एकत्र केमो घेतो."

तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मैत्रिणींकडे, आणि भुवया नसलेल्या कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "कोन गो तू? मी नाय ओलखत तुला." मग स्वतःच इतकी हसली की सुनेने सुरी खाली ठेवली. आम्हाला तिने बोंबील दिले आणि भाव एका पैशानेही कमी केला नाही.

माझी आठ औषधं पूर्ण झाली, मग किरणं झाली. केस आले ते करडे आणि कुरळे. तिचेही आले. वर्षभर आम्ही तिघी आणि कधी कधी आणखी एखादी, शनिवारी तिच्या ओटीवर बसायचो. मग तिची पाठ दुखायला लागली. टोपल्या उचलून दुखते असं ती म्हणत राहिली. तपासण्या झाल्या तेव्हा आजार हाडांत गेलेला होता. पुन्हा औषधं सुरू झाली, पुन्हा केस गेले. या वेळी तिने मला मशीन चालवायला सांगितलं. मी ते नुसतं वरवर फिरवत होते. ती म्हणाली, "दाब जरा. वांगं नाय सोलत तू."

शेवटच्या आठवड्यात मी गेले तेव्हा ती ओटीवर नव्हती, आतल्या खोलीत होती. बोलणं जवळजवळ थांबलं होतं. मी शेजारी बसले. तिने माझ्या केसांत बोटं घातली, कुरळी बट ओढून सोडून पाहिली, पुन्हा ओढली. तिला त्याची गंमत वाटत होती बहुतेक. मला माफी मागायची होती, त्या बुधवारची, नीट शब्दांत. नंतर बाजारात तिला मैत्रीण म्हटलं, त्याने ती चूक भरून निघाली असं मला कधी वाटलं नाही. पण तिला झोप लागली. चार दिवसांनी तिच्या मुलाचा फोन आला.

आता शनिवारी आम्ही निवृत्त बाईंच्या घरी भेटतो. दवाखान्यातली सिस्टर आमचा नंबर देते, ज्यांना हवा असेल त्यांना. गेल्या महिन्यात कल्याणहून एक मुलगी आली. सव्वीस वर्षांची, कंपनीत नोकरी करणारी, आईला खालीच थांबवून एकटी वर आलेली. पहिलं औषध होऊन दहा दिवस झाले होते. केस पाठभर होते.

"खरं सांगा," ती म्हणाली. "जाणारच का?"

"लाल औषध असेल तर जातील," मी म्हटलं. "अजून आठवडाभराने सुरुवात होईल."

तिने बाईंच्या टेबलावर ठेवलेल्या मशीनकडे पाहिलं. "आधीच काढलेले बरे असतात ना? सगळे तसंच म्हणतात."

"मला बरं पडलं. जिने मला हे शिकवलं, ती पण तेच म्हणाली होती."

तिने पाठीवरचे केस पुढे घेतले. मग म्हणाली, "मला नाही काढायचेत. जेवढे दिवस आहेत तेवढे दिवस असू देत. गळताना बघेन मी."

मला कितीतरी बोलावंसं वाटलं. उशीबद्दल, मोरीबद्दल, ठणकणाऱ्या कातडीबद्दल. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी तिला एवढंच सांगितलं की झोपताना केस सैल बांध, आणि फोन कधीही कर. बाईंनी मशीन उचलून कपाटात ठेवलं आणि तिला विचारलं, चहात आलं चालतं का. चालतं, ती म्हणाली. मग तिने खाली फोन करून आईलाही वर बोलावलं.